चालता चालता थांबणारं इंजिन

जुना ट्रॅक्टर सकाळी सुरूच झाला नाही, तर मिस्त्रीला त्याचा फारसा घोर नसतो. बॅटरी, स्टार्टर, डिझेल असं एकेक बघत गेलं की दुखणं हाती लागतं. घोर लावतो तो दुसराच. एका दमात सुरू होतो, अर्धा-पाऊण तास मुकाट नांगर ओढतो आणि शेताच्या मधोमध हळूहळू मान टाकतो. वीस मिनिटं झाडाखाली बसावं, पुन्हा चावी फिरवावी, तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू! तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत तो इतका छान चालत असतो की मालकालाच ओशाळल्यासारखं होतं.

हे दुखणं ट्रॅक्टरइतकंच जुनं आहे. लक्षण तेच राहिलं, कारण मात्र इंधनाबरोबर बदलत गेलं. म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

१९१७ साली ब्रिटन अन्नटंचाईच्या कात्रीत सापडलं होतं. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, शेतावरची माणसं आणि घोडे युद्धावर गेले होते. तेव्हा ब्रिटिश सरकारनं हेन्री फोर्डकडे ६,००० ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली. हाच तो फोर्डसन. १९२८ पर्यंत अमेरिकेत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. तो सुरू व्हायचा पेट्रोलवर आणि तापला की चालायचा रॉकेलवर, कारण रॉकेल स्वस्त. पण रॉकेलची वाफ सहजी होत नाही. त्यासाठी धुराड्याची उष्णता वापरणारा भाग इंजिनाला जोडलेला असे. इंजिन पुरतं तापण्याआधी रॉकेल सोडलं, किंवा बराच वेळ मंद गतीवर ठेवलं, की रॉकेलचे थेंबच सिलिंडरमध्ये उतरत, प्लग भिजत आणि इंजिन गप्प होई. शिवाय तेच रॉकेल खाली झिरपून ऑइल पातळ करी, ते नुकसान वेगळंच. म्हणजे त्या काळी इंजिन थांबायचं ते गार राहिल्यामुळे.

पुढच्या पिढीत ते तापल्यामुळे थांबू लागलं. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीला पाच लाखांवर फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर बनले. (एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या तीन ट्रॅक्टरांसह. एव्हरेस्टचा बोलबाला इतका झाला की ही ट्रॅक्टरस्वारी आपण विसरूनच गेलो.) त्याच्या पेट्रोल आणि रॉकेलवरच्या प्रकारांना ठिणगी लागे आणि ठिणगीसाठी कॉइल आणि कंडेन्सर लागे. कॉइलमधल्या तारेचं आवरण जुनं झालं की थंडपणी ते काम देतं, तापलं की वीज आतल्या आत वाट काढते. असं इंजिन धापा टाकत थांबत नाही, दिवा मालवावा तसं एकदम थांबतं. ही खूण मोठ्या कामाची आहे.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी झालं. त्याला ठिणगीच नको होती. पण ते धूड ट्रॅक्टरवर चढायला बराच काळ गेला. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली इंधन-पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं, तेव्हा लहान डिझेल इंजिनांचा मार्ग खऱ्या अर्थानं मोकळा झाला. कॉइलचं दुखणं गेलं आणि हवेचं आलं. डिझेल दाबलं तर जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे पंपाचा दाब थेट नोझलपर्यंत पोहोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला, की पंप नुसती हवाच दाबत बसतो. नोझल उघडत नाही, इंजिन थांबतं.

आपल्याकडे ट्रॅक्टर आले ते आधी सरकारी कामासाठी. १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कांस नावाच्या खोल मुळांच्या गवतानं गिळलेल्या जमिनी नांगरण्याच्या यंत्रांसाठी ते होतं. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर देशात तयार झाला. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतली कंपनी मुंबईत स्थापन झाली आणि कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची डिझेलशी ओळख त्याआधीची, विहिरीवरच्या इंजिनाची. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली होती. पंपाचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत 'एअर काढायची', हे ज्यांच्या हातात विहिरीवर बसलं होतं, त्यांनीच पुढे गावोगावचे ट्रॅक्टर सांभाळले, असं माझं मत आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. भोक धुळीनं, ग्रीसनं किंवा हौशीनं मारलेल्या रंगानं बुजलं, की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेलचा ओघ मंदावतो. इंजिन थांबलं की हवा कुठून तरी हळूहळू आत शिरते आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू! मूळ झाकण हरवल्यावर प्लॅस्टिकची पिशवी लावून वर रबर बांधलेल्या टाक्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. पेरणीच्या आठवड्यात हीच गोष्ट महागात पडते. वापसा दोन-तीन दिवसांचा, ट्रॅक्टर तासावर ठरवलेला, आणि सगळ्यात महाग भाग म्हणून संशय येतो पंपावर. पंप खोलून शहरात पाठवला जातो, तो तपासून परत येईपर्यंत जमीन सुकलेली असते.

म्हणून इंजिन मान टाकू लागलं, की आधी झाकण सैल करून पाहावं. 'सूं' असा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर दुखणं सापडलं. (पेट्रोलच्या तापलेल्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग करू नये.) फरक पडला नाही, तर टाकीच्या तोंडाशी बघावं. पिंपातून डिझेल ओतताना आलेला चिंधीचा धागा, पानाचा तुकडा ओघाबरोबर तोंडावर बसतो आणि इंजिन थांबलं की सुटून वर तरंगतो. तिसरी जागा टाकी आणि फीड पंप यांमधली नळी. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे एखाद्या चिरेतून थेंबभर डिझेल बाहेर येत नाही, पण हवा आत जाते. अशी नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच ट्रॅक्टर थांबत असेल, तर ही नळी आधी तपासावी.

मिस्त्रीला बोलावताना चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: किती वेळ चालला, एकदम थांबला की दम तोडत, टाकीत डिझेल किती होतं आणि किती वेळानं पुन्हा सुरू झाला. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यांच्या इंजिनावरचा संगणक यातल्या बऱ्याच नोंदी आपणच ठेवतो. बी-२७५ चा मालक त्या पेन्सिलीनं लिहितो.