विभागाबाहेरच्या सामन्यांचे ओझे : एसईसीच्या वेळापत्रकातील असमतोल

२०११ च्या हंगामात अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आपल्या विभागातील पाचही प्रतिस्पर्ध्यांना पराभूत केले. तरीही पूर्व विभागाचे विजेतेपद जॉर्जिया विद्यापीठाला मिळाले. आणि त्या जॉर्जियालाही साउथ कॅरोलायनाने ४५-४२ असे नमवले होते. या विसंगतीचे मूळ विभागाबाहेर खेळल्या गेलेल्या तीन सामन्यांत होते. ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ अर्थात एसईसी या विद्यापीठसमूहाच्या स्पर्धेत १९९२ ते २०२३ या काळात पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग होते. दुसऱ्या विभागातील कोणते संघ कोणाच्या वाट्याला येतात, यावरून तेथे वारंवार वाद झाले.

अमेरिकी फुटबॉल हा अंगावर धावून जाण्याचा खेळ असल्याने एक संघ साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळतो. महाविद्यालयीन पातळीवर नियमित हंगाम १२ सामन्यांचा असतो आणि एसईसीत त्यांपैकी आठ सामने आपल्याच समूहातील संघांशी होत. आयपीएलमध्ये दहा संघांपैकी प्रत्येकाला पाच प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि चौघांशी एकदा खेळावे लागते. त्यावरही कुरबुर होतेच. पण तेथे निदान प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ पडते. एसईसीत एखादा संघ काही प्रतिस्पर्ध्यांसमोर वर्षानुवर्षे उभाच राहत नसे, आणि तरीही सर्वांची गुणतालिका एकाच मापाने मोजली जात असे.

१९९२ मध्ये आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांच्या समावेशानंतर एसईसीने १२ संघांचे दोन विभाग केले आणि विभागविजेत्यांमध्ये अंतिम सामना सुरू केला. किमान १२ सदस्य आणि दोन विभाग असल्यास असा सामना घेता येतो, या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमाचा तो आधार होता. २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम आणि मिझुरी ही विद्यापीठे आली आणि सदस्यसंख्या १४ झाली. मिझुरीला पूर्व विभागात बसवण्यात आले, तर अलाबामा राज्याच्या पूर्व सीमेलगत असलेले ऑबर्न पश्चिमेतच राहिले. नकाशाशी या विभागणीचे नाते बेताचेच होते.

चौदा संघ झाल्यावर आठ सामन्यांपैकी सहा विभागांतर्गत, एक दुसऱ्या विभागातील ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी आणि एक फिरत्या क्रमाने, अशी रचना झाली. ठरलेला प्रतिस्पर्धी ठेवण्यामागे जुनी परंपरा होती. जॉर्जिया आणि ऑबर्न १८९२ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत, तर अलाबामा आणि टेनेसी यांचा पहिला सामना १९०१ मध्ये झाला. विभागणीमुळे या लढती बंद पडल्या असत्या, तर प्रेक्षकांनी ते सहन केले नसते. मात्र याची किंमत मोठी होती. दुसऱ्या विभागातील उरलेल्या सहा संघांना वर्षाला एक जागा मिळत असल्याने एखाद्या संघाशी गाठ सहा वर्षांतून एकदा पडे आणि तो आपल्या मैदानावर येण्यास बारा वर्षे लागत. २०१२ ते २०२३ या बारा हंगामांत जॉर्जियाचा संघ टेक्सास ए अँड एमच्या कॉलेज स्टेशन येथील मैदानावर एकदाही खेळला नाही.

२०११ मध्ये साउथ कॅरोलायनाला पश्चिमेतील ऑबर्न, मिसिसिपी स्टेट आणि आर्कान्सा हे संघ मिळाले. जॉर्जियाला ऑबर्न, मिसिसिपी स्टेट आणि मिसिसिपी. दोन प्रतिस्पर्धी समान, तिसऱ्यात मात्र मोठी तफावत. आर्कान्साने त्या वर्षी एसईसीतील आठपैकी सहा सामने जिंकले, तर मिसिसिपीने आठही गमावले. साउथ कॅरोलायना आर्कान्साकडून हरला आणि ६-२ वर राहिला, जॉर्जिया ७-१ वर पोहोचला. साउथ कॅरोलायनाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्पुरिअर यांनी पुढे विभागविजेता केवळ विभागांतर्गत निकालांवर ठरवावा, असा प्रस्ताव मांडला. तो मान्य झाला नाही. अर्थात, त्यांच्या संघाने ऑबर्नविरुद्धचा सामनाही १६-१३ असा गमावला होता आणि त्याच ऑबर्नला जॉर्जियाने ४५-७ असे हरवले होते. तो एक सामना जिंकला असता, तर बरोबरी होऊन परस्परांतील निकालावर साउथ कॅरोलायनाच विजेता ठरला असता. सगळा दोष वेळापत्रकाच्या माथी मारता येत नाही.

त्यानंतरचे २०१२ चे वर्ष या विषयाच्या अभ्यासासाठी फारच बोलके आहे. त्या हंगामात दोन विभागांमध्ये झालेल्या १४ सामन्यांत पूर्वेला सात आणि पश्चिमेला सात विजय मिळाले. म्हणजे विभागांचे बळ सारखे होते. तरीही प्रत्येकाच्या वाट्याचे ओझे सारखे नव्हते. प्रतिस्पर्ध्याची एसईसीतील कामगिरी मोजताना आपल्याशी झालेला सामना वगळावा लागतो. नाहीतर आपण ज्याला हरवले तो उगाच दुबळा दिसतो. या पद्धतीने पाहिल्यास अलाबामाच्या दोन आंतरविभागीय प्रतिस्पर्ध्यांनी, टेनेसी आणि मिझुरी यांनी, मिळून १४ पैकी तीन सामने जिंकले होते. लुइझियाना स्टेटच्या वाट्याला फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायना आले. त्यांचे विजय १४ पैकी १२. पूर्वेतही तेच चित्र : जॉर्जियाच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय तीन, फ्लोरिडाच्या प्रतिस्पर्ध्यांचे १२. अंतिम सामन्यात अलाबामा आणि जॉर्जिया, म्हणजे सर्वांत सोपी वाट मिळालेल्यांपैकीच दोन संघ आमनेसामने आले. अलाबामाने तो ३२-२८ असा जिंकला आणि पुढे नोत्र दामला ४२-१४ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले.

येथवर पाहिले तर अन्याय उघड दिसतो. परंतु प्रत्यक्षात कोणाचे काय गेले, हे तपासल्यास उत्तर बदलते. फ्लोरिडाने दोन्ही अवघड सामने जिंकले. जॉर्जियाशी ७-१ अशी बरोबरी झाल्यावर परस्परांतील ९-१७ च्या पराभवामुळे तो मागे राहिला. लुइझियाना स्टेटने फ्लोरिडाला हरवले असते, तरी अलाबामाकडून १७-२१ असा पराभव झालेला असल्याने बरोबरीतही अलाबामाच पुढे गेला असता. वेळापत्रकाचा खरा फटका बसला तो टेक्सास ए अँड एमला. या संघाने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर २९-२४ असे हरवले होते. मिझुरी हा प्रतिस्पर्धी दोघांनाही समान होता. फरक एवढाच की अलाबामासमोर आठपैकी एकच सामना जिंकलेला टेनेसी होता आणि टेक्सास ए अँड एमसमोर सात जिंकलेला फ्लोरिडा. फ्लोरिडाने तो सामना २०-१७ असा जिंकला. ते तीन गुण उलट दिशेला गेले असते, तर अलाबामाऐवजी टेक्सास ए अँड एम अंतिम सामन्याला गेला असता.

आकड्यांत न दिसणारी आणखी एक बाजू म्हणजे सामन्याची वेळ. ८ सप्टेंबर २०१२ रोजी झालेला तो सामना टेक्सास ए अँड एमचा एसईसीतील पहिला होता. आयझॅक चक्रीवादळामुळे त्याआधीचा सामना पुढे ढकलला गेला होता, त्यामुळे जॉनी मान्झील या नवोदित खेळाडूचे महाविद्यालयीन पदार्पणही त्याच दिवशी झाले. वर्षअखेरीस हाइसमन करंडक पटकावणाऱ्या मान्झीलच्या संघाने मध्यंतरापर्यंत १७-१० अशी आघाडी घेतली आणि उत्तरार्धात एकही गुण केला नाही. हीच लढत नोव्हेंबरमध्ये झाली असती, तर तिचे माप वेगळे ठरले असते.

वेळापत्रक आखणाऱ्यांना मात्र सर्वस्वी दोष देणे कठीण आहे, कारण काठिण्य आधी ठाऊक नसते. २०१० मध्ये राष्ट्रीय विजेता असलेल्या ऑबर्नने २०१२ मध्ये एसईसीतील आठही सामने गमावले आणि २०१३ मध्ये तोच संघ एसईसीचा विजेता ठरला. मिझुरी २-६ वरून एका वर्षात ७-१ वर गेला.

दरवर्षी फ्लोरिडाशी खेळावे लागते, याविषयी लुइझियाना स्टेटचे तत्कालीन प्रशिक्षक लेस माइल्स यांची तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येई. तिचाही हिशेब आता मांडता येतो. २०१२ ते २०२३ या काळात लुइझियाना स्टेटने फ्लोरिडाविरुद्ध बारापैकी नऊ सामने जिंकले. अलाबामाने टेनेसीविरुद्ध अकरा. बारा वर्षांत फरक दोन पराभवांचा. मात्र लुइझियाना स्टेटच्या नऊ विजयांपैकी तीन हे तीन किंवा त्याहून कमी गुणांनी मिळालेले आहेत, आणि इतक्या चुरशीच्या लढतींनंतर संघ जो थकवा घेऊन पुढच्या सामन्याला जातो, त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते.

राष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये अंतिम सामन्यासाठी विभागांची अट काढून टाकली. टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४ मध्ये दाखल झाल्यावर १६ संघांच्या एसईसीनेही विभाग मोडीत काढले आणि अग्रस्थानावरील दोन संघांत अंतिम सामना घेण्यास प्रारंभ केला. २०२६ पासून प्रत्येक संघासाठी समूहांतर्गत नऊ सामने ठरवण्यात आले आहेत : तीन ठरलेले प्रतिस्पर्धी आणि सहा फिरते. त्यामुळे दोन वर्षांत प्रत्येकाशी एकदा गाठ पडेल आणि चार वर्षांत प्रत्येक मैदानावर जाणे होईल. विभागांमुळे निर्माण झालेली दीर्घ अनुपस्थिती त्यातून संपेल, पण एक नवा प्रश्न उभा राहतो. ठरलेला प्रतिस्पर्धी पूर्वी एक होता, आता तीन असतील; आणि सामन्यांची संख्या विषम झाल्याने दरवर्षी निम्म्या संघांच्या नावावर पाच सामने यजमान म्हणून लागतील, निम्म्यांच्या चार.