भारी गाडी रिकामी परत जाते तेव्हा

अमेरिकेतल्या सिएटल शहरात ‘छातीत दुखतंय’ असा फोन ९११ला गेला, की सहसा दोन गाड्या निघतात. पहिली जवळच्या फायर स्टेशनची. तिच्यातल्या जवानांनी ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या प्राथमिक उपचारांचं शिक्षण घेतलेलं असतं. दुसरी ‘मेडिक वन’ची. तिच्यात दोन पॅरामेडिक, ईसीजी मशीन, श्वासनलिकेत नळी घालायचं सामान, शिरेतून द्यायची औषधं. पॅरामेडिक पेशंटला तपासतात, ईसीजी काढतात, चार प्रश्न विचारतात. अनेकदा निष्कर्ष असा निघतो, की याला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं, पण त्यासाठी आपली गरज नाही. मग पेशंट साध्या ॲम्ब्युलन्समधून ईएमटींसोबत जातो आणि सगळ्यात सुसज्ज गाडी रिकामी परत फिरते.

हेच आपल्या घरी झालं तर? एखादा मामा किंवा काका दारातच गाडी अडवेल. “अहो, मोठी गाडी आलीच आहे, तर तिच्यातूनच न्या ना!” मामांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मग जाणकार माणसाने निघून जायचं, ही पद्धत आली कुठून? मला तिचा इतिहास वाचताना असं दिसलं, की ॲम्ब्युलन्सची गेल्या साठ वर्षांची गोष्ट म्हणजे एका हातातलं काम दुसऱ्या हातात सोपवण्याचीच गोष्ट आहे.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स अंत्यविधी करणाऱ्या कंपन्या चालवायच्या. कारण साधं होतं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. उपचार हॉस्पिटलात सुरू होणार, गाडीने फक्त तिथवर पोचवायचं, अशी तेव्हाची समजूत.

ती मोडली उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात. तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांच्या लक्षात आलं, की हार्ट अटॅकचे कितीतरी रुग्ण हॉस्पिटलात पोचण्याआधीच दगावतात. हृदयाची लय बिघडते आणि ती विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं डिफिब्रिलेटर यंत्र मात्र वॉर्डात असतं. मग यंत्रच पेशंटकडे का नेऊ नये? त्यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर बनवला. वजन सुमारे ७० किलो! १९६६मध्ये तो घेऊन डॉक्टर स्वतः ॲम्ब्युलन्समधून रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी त्यांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

सिएटलमध्ये तो डॉ. लेनर्ड कॉब यांनी वाचला. त्यांना पुढचा प्रश्न पडला. प्रत्येक फोनला धावायला इतके डॉक्टर आणायचे कुठून? शहराचे अग्निशमन प्रमुख गॉर्डन विकरी यांच्याकडे चोवीस तास सज्ज असलेली माणसं होती आणि वस्तीवस्तीत ठाणी होती. दोघांनी मिळून फायरमनना शिकवायला घेतलं आणि मार्च १९७०मध्ये ‘मेडिक वन’ सुरू झालं. पहिली गाडी इतकी अवजड होती, की लोकांनी तिचं नाव ‘मोबी पिग’ ठेवलं. सुरुवातीला तिच्यात डॉक्टरही बसायचे. हळूहळू ते गाडीतून उतरले. ही पहिली सोपवणूक, डॉक्टरकडून पॅरामेडिककडे.

तिथेच नवा पेच उभा राहिला. पॅरामेडिक घडवायला दोन हजारांहून जास्त तासांचं प्रशिक्षण लागतं, तर त्या काळातला ईएमटीचा मूळ अभ्यासक्रम ८१ तासांचा होता. मग सगळ्यांनाच पॅरामेडिक का करू नये? सिएटल आणि भोवतालच्या किंग काउंटीने मुद्दाम उलटा रस्ता धरला. पॅरामेडिक थोडेच ठेवायचे. श्वासनलिकेत नळी घालणं हे हाताचं कसब आहे, सराव तुटला की ते जातं. शंभर जणांनी वर्षातून दोनदा करण्यापेक्षा थोड्या जणांनी ते वारंवार केलेलं बरं.

पण थोडेच ठेवायचे, तर त्यांना मोकळंही ठेवावं लागतं. मुरगळलेला पाय घेऊन पॅरामेडिक हॉस्पिटलच्या दारात अडकले आणि त्याच वेळी दोन गल्ल्यांपलीकडे कुणाचं हृदय थांबलं, तर? हृदय थांबल्यावर सीपीआर आणि झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रिकामी परतणारी गाडी त्या अजून न आलेल्या फोनसाठी राखलेली असते. मामांना समोरचा भाचा दिसतो, व्यवस्थेला तो दुसरा माणूसही मोजावा लागतो.

पुढे खुद्द डिफिब्रिलेटरचं कामही एक पायरी खाली आलं. किंग काउंटीत मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ईएमटींनाच झटका द्यायला शिकवलं. १९८०मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पेशंट जास्त वाचत होते, कारण ईएमटी आधी पोचत होते. आज विमानतळावर भिंतीला टांगलेलं एईडी यंत्र दिसतं, ते तुमच्या-माझ्यासाठी आहे. एकेकाळी फक्त डॉक्टरच्या हातात असलेलं काम प्रवाशापर्यंत आलं.

एक गोष्ट मात्र सहज खाली सोपवता येत नाही, ती म्हणजे ‘याला आमची गरज नाही’ हा निर्णय. अमेरिकेत गरज असलेल्या पेशंटला कमी प्रशिक्षित माणसाच्या हवाली केलं, तर कायदा त्याला पेशंट वाऱ्यावर सोडणं मानू शकतो. आणि शरीर दर वेळी खरं सांगतंच असं नाही. हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येते हे आपल्याला सिनेमाने शिकवलंय, पण बायकांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये, मधुमेहींमध्ये तो कधीकधी नुसता थकवा, मळमळ किंवा जबडादुखी बनून येतो. ‘पित्त झालं असेल’ म्हणत सगळ्यांचं जेवण उरकून मग आडवी होणारी आजी आठवून पाहा. निर्णय चुकण्याचा धोका अशाच पेशंटच्या बाबतीत सर्वात जास्त, कारण ते आजारी दिसत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत.

आपल्याकडे २०१४ साली १०८ सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ एएलएस म्हणजे प्रगत आणि ७०४ बीएलएस म्हणजे प्राथमिक दर्जाच्या होत्या. दर्जे दोन, पण महाराष्ट्राने डॉक्टर दोन्हींत ठेवला. सिएटलमध्ये तो गाडीतून उतरला, आपल्याकडे बसून राहिला. मला हा फरक मागासलेपणाचा वाटत नाही. रस्त्यात पेशंट दुसऱ्या गाडीत द्यायचा, तर दुसरी गाडी जवळ हवी. घाटातल्या एखाद्या वाडीत एकच गाडी पोचत असेल, तर जे काही करायचं ते तिच्यातल्या माणसालाच करावं लागणार. सोपवायलाही आधी पुरेसं असावं लागतं.

आणि केवळ गाड्या पुरत नाहीत. किंग काउंटीच्या पद्धतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती उलटी वाट. पेशंट हाती घेतलेल्या ईएमटीला वाटेत काही खटकलं, तर तो पॅरामेडिकना पुन्हा बोलावू शकतो. कमी तास शिकलेल्याने दोन हजारांहून जास्त तास शिकलेल्याला म्हणायचं, की मला हा माणूस ठीक वाटत नाही, तुम्ही परत या. ज्या कामाच्या जागी कनिष्ठाला हे वाक्य न घाबरता म्हणता येतं, तिथेच वरिष्ठाने निर्धास्त निघून जावं. आपल्या वॉर्डांत, ऑफिसांत, घरांत ते कितीदा म्हणता येतं, हे ज्याचं त्याने तपासून पाहावं.