गोमंतकाच्या आकाशातील दोन आवाज

गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासात १९४६ हे वर्ष दोन कारणांनी संस्मरणीय आहे. त्या वर्षी पणजीत ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी १८ जून रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे बंदीहुकूम झुगारून सभेस संबोधण्याचा प्रयत्न केला आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस तोंड फुटले. सरकारचा आवाज आकाशमार्गे दूरदेशी पोहोचू लागला होता. प्रजेला मात्र भर चौकात चार शब्द बोलण्याचीही मुभा नव्हती.

सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांचा मजकूर छपाईपूर्वी तपासला जाई. लग्नपत्रिकाही या जाचातून सुटत नसे. अशा काळात नभोवाणीचे मोल मोठे होते. एमिसोराच्या संगीताला गोव्याबाहेरही चाहते लाभले. पोर्तुगीजबरोबरच कोकणी, मराठी आदी भाषांतूनही तेथून कार्यक्रम होत. परंतु बातमी म्हणून जे सांगितले जाई, ते लिस्बनच्या सोयीचे असे. ऐकणाऱ्यास पडताळा घेण्याचे साधन नव्हते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद करून आर्थिक नाकेबंदी पुकारली. गोव्यातील माणसांचा उर्वरित भारताशी असलेला संबंध जवळजवळ तुटला. नेमक्या याच वेळी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, सीमेलगतच्या जंगलातून एक नवा आवाज उमटला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेले हे ‘स्वातंत्र्याचा आवाज’ नावाचे भूमिगत केंद्र. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीवेळी हाती आलेल्या बिनतारी संचांतून त्याचे प्रक्षेपक यंत्र सिद्ध झाले होते. प्रथम आंबोलीच्या रानात आणि पुढे कॅसलरॉक परिसरात त्यांचा मुक्काम राहिला. लिबियाबाईंनी पूर्वी मुंबईच्या आकाशवाणीत लघुलेखक व ग्रंथपाल म्हणून काम केले होते, ही गोष्ट ग्रंथालयाच्या वाचकांना विशेष वाटेल.

कार्यक्रम पोर्तुगीज आणि कोकणीतून होत. एमिसोराने केलेल्या विधानांचे खंडन, गोव्यातील लढ्याची वार्ता, भारतीय संसदेतील गोवाविषयक चर्चा, आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत पेटलेले संघर्ष, असा मजकूर रोज तयार करावा लागे. सहा वर्षे हे व्रत अखंड चालले. जंगलातले यंत्र एमिसोराच्या तोडीचे नव्हते. तरीही त्याच्यामुळे गोव्यातील श्रोत्याला प्रथमच एकाच घटनेचे दोन वृत्तांत ऐकून आपले मत ठरविता येऊ लागले. या केंद्राचे खरे कार्य हेच होय.

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला शरणागतीचे आवाहन याच केंद्रावरून करण्यात आले. १८ डिसेंबर रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. गोवा मुक्त होताच सरदेसाई आणि लिबियाबाई यांनी ध्वनिवर्धक बसविलेल्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालीत मुक्तीची वार्ता जनतेस कळविली. सहा वर्षे अदृश्य राहिलेला आवाज असा उघडपणे आपल्या भूमीवर आला. पुढे उभयतांनी विवाह केला. वामन सरदेसाई १९९४ मध्ये निवर्तले. लिबियाबाईंना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली.

१९६२ मध्ये पणजीची नभोवाणी आकाशवाणीच्या कुटुंबात दाखल झाली. कालांतराने कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांतील प्रादेशिक बातम्या तेथून घरोघरी पोहोचल्या. १९६७ च्या जनमत कौलात आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी गोमंतकीय समाज तीव्र मतभेदांतून गेला. परंतु ते मतभेद उघडपणे मांडले आणि ऐकले गेले. १९४६ साली मडगावच्या सभेत जो हक्क मागितला गेला, तो हाच. ग्रंथालयाच्या टेबलावर परस्परविरोधी मतांची वृत्तपत्रे शेजारी शेजारी मांडली जातात, तेव्हा त्याच हक्काचे नित्य जतन होत असते.