ठक्करांना लिहिलेले पत्र आणि आपल्या बैठका

पुणे करारावर सह्या होऊन आठवडाही उलटला नव्हता. ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत पंडित मालवीयांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ उभा राहिला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. हाच पुढे हरिजन सेवक संघ झाला. यातले सगळेच लबाड होते असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण ठक्करांनी सारी हयात सेवेत घालवली होती. हेतू चांगला असूनही उपाय का चुकतो, हा खरा अभ्यासाचा मुद्दा आहे.

तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी 'व्हिक्टोरिया' बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. या पत्राचा गाभा समाजशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवावा असा आहे. दलितांच्या उद्धाराकडे बघण्याच्या दोन दृष्टी आहेत, असे ते मांडतात. एक म्हणते, माणूस दैन्यात आहे कारण त्याचे वर्तन वाईट आहे. म्हणून दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये काढा. दुसरी म्हणते, सभोवतालची परिस्थितीच त्याला वर येऊ देत नाही, ती बदला. संघाने दुसरी वाट धरावी, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. गावची विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने खुली करण्यासाठी मोहीम काढा. त्यात डोकी फुटतील, हेही त्यांनी लपवले नाही. महाड आणि नाशिकचा अनुभव पाठीशी होता. कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, हीही सूचना होती.

पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनी १९४५ च्या ग्रंथात नोंदवले आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, यावर गांधीजींची भूमिका अशी की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा ते त्यांनीच करावे. म्हणजे ज्यांच्या विहिरी बंद, तेच निर्णयाच्या खोलीबाहेर. खोलीत सगळे एकाच आळीतले असले की 'विहीर कोणी अडवली?' हा प्रश्न कोणाला सुचतच नाही. सुचला तरी गैरसोयीचा वाटतो.

हा दोष फक्त गांधीवाद्यांचा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, त्यामुळे विटाळाची सबब. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना १९२८ च्या संपात ही मागणी आपणहून महत्त्वाची वाटली नाही. बाबासाहेबांनी संपाचा पाठिंबा पणाला लावला तेव्हा ती नाइलाजाने घेतली गेली.

आता आपल्या बैठका बघा. वस्तीचा विषय निघाला की शिकलेली, नोकरीला लागलेली आपलीच पोरे सुरू होतात: 'लोक दारू पितात, पोरे अभ्यास करत नाहीत, आधी मानसिकता बदला.' ही ठक्करांच्या संघाचीच दृष्टी, वर निळा झेंडा लावलेली! नळ किती वाजता येतो, शाळा का बंद पडली, सफाईचे कंत्राट कोणाकडे आहे, हे विषय 'इतर विषयां'त जातात.

आणि स्त्रिया? १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. तरीही चळवळीतल्या बायकांचा इतिहास हवा तर १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' लिहावा लागला. त्या 'ही'वर थोडे थांबा. तो पुरुषांच्या कमिट्यांना उद्देशून आहे.

येत्या जयंतीच्या कमिटीची यादी कुठल्या तरी मोबाइलवर तयार झालीच असेल. त्यात वस्तीत भाड्याने राहणारे किती, मातंग, चर्मकार घरांतले किती, बायका किती, एवढे मोजा. आणि मग वर्गणीतली किती रक्कम डीजेवर जाणार, याची चर्चा त्यांच्यासमोर करा.