द्विध्रुवीय विकार आणि बोधनिक आरोग्य

द्विध्रुवीय विकार (बायपोलर डिसऑर्डर) हा उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तने येणारा मानसिक आजार आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे ०.५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधीतरी हा विकार झालेला होता. मनःस्थिती स्थिरावल्यानंतरही अनेक रुग्णांत अवधान, शाब्दिक स्मृती व नियोजन या बोधनिक क्षमता काहीशा उणावलेल्या राहतात. घरी आणि कामावर हा आळस किंवा निष्काळजीपणा समजला जातो. आवर्तने अधिक झालेल्या रुग्णांत ही उणीव अधिक दिसते, मात्र त्यातील कार्यकारणभाव अद्याप वादाचा विषय आहे.

झोप आणि पाळीचे काम

झोप घटणे हे उन्मादाचे लक्षण असते, तसेच त्याचे निमित्तही ठरते. काही रुग्णांत एका रात्रीचे जागरणही पुरेसे होते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातील माण गावापर्यंत हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान पसरले आहे. तेथील काही कामे परदेशातील वेळेनुसार रात्री चालतात, तर पिंपरी-चिंचवड व चाकणच्या अनेक कारखान्यांत पाळ्या बदलत्या असतात. अशा ठिकाणी ‘वेळेवर झोपा’ हा सल्ला अपुरा पडतो. कायम दिवसपाळी मिळणे ही अशा कामगारासाठी सवलत नसून उपचाराचाच भाग ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांच्या सामाजिक लय उपचारपद्धतीत उठणे, दिवसातील पहिली भेट, कामाची सुरुवात, संध्याकाळचे जेवण व झोपणे या पाच वेळांची नोंद ठेवून त्या शक्यतो स्थिर राखल्या जातात.

लिथियम आणि दैनंदिन सवयी

लिथियम घेणाऱ्यांनी मीठ व पाणी यांचे प्रमाण अचानक बदलू नये. भट्टीजवळच्या कामात येणारा अतिघाम, जुलाब किंवा निर्जळी उपवास यांमुळे रक्तातील लिथियम वाढू शकते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही तसे होते. हात फार थरथरणे, तोल जाणे व गोंधळलेपणा ही विषबाधेची लक्षणे असून त्यासाठी तातडीने वैद्यकीय मदत लागते. रक्तातील लिथियम, मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणी नियमित करावी लागते. थायरॉइडची मंदावलेली क्रिया स्वतःच विचारशक्ती मंद करते. सुस्ती जाणवली म्हणून औषध आपल्या मनाने बंद केल्यास आवर्तन परतण्याचा धोका मोठा असतो.

इतर सवयी

नियमित चालणे, मद्य व तंबाखू वर्ज्य करणे, रक्तदाब, मधुमेह व वजन यांवर नियंत्रण ठेवणे मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी हितकारक असते. यादी करणे, मोबाइलवर गजर लावणे यांनी स्मृतीवरील भार हलका होतो.

पुण्यातील येरवडा येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.