तळटीप १४ : ‘विमान डोंगरात गेलं’

१४. संदर्भ दुसऱ्या महायुद्धातील आसाम–चीन हवाई वाहतुकीचा. मजकुरातले कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथून मूर्तिजापूरला गाडी बदलून नागपूर, कलकत्ता आणि पुढे आसाम असा प्रवास करता येई. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी लाशियो घेतले, ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तुटला आणि इंधन, दारूगोळा, औषधे विमानाने नेणे भाग पडले. चाबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून डाकोटा व सी-४६ विमाने हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगला जात. वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणत. पंखांवर साचणारा बर्फ, सोसाट्याचे वारे, पावसाळी ढग आणि अपुरे नकाशे यांमुळे सुमारे ६०० विमाने गेली, दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली.

२ ऑगस्ट १९४३ रोजी चाबुआहून निघालेल्या सी-४६चे डावे इंजिन बंद पडले. सामान बाहेर फेकूनही विमान सावरेना, तेव्हा पत्रकार एरिक सेव्हराइड यांच्यासह प्रवाशांनी नागा डोंगरांत पॅराशूटने उड्या घेतल्या. जखमींसाठी लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर दोन सहकाऱ्यांसह स्वतः खाली उतरले. २१ पैकी २० जण वाचले. पुढे मोकोकचुंगचे अधिकारी फिलिप अॅडम्स नागा सोबत्यांना घेऊन त्यांच्यापर्यंत पायी पोहोचले आणि त्यांना परत घेऊन आले.

कारंजा परिसरात कोणाच्या घरी त्या काळची लष्करी पत्रे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत.

— संपादक