भजनाची पेटी आणि तिचे बदलते सूर

नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या कारंजा लाड येथे, आणि एकंदर वऱ्हाडातच, भजनाला टाळ, मृदंग व खंजिरी यांच्या जोडीने जी पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजते, ती परंपरेचे वाद्य मानली जात असली तरी मुळात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय यंत्रविद्येची निर्मिती आहे. एका टोकाला जखडलेली धातूची पातळ पट्टी हवेच्या झोताने थरथरून सूर देते, या एकाच तत्त्वावर व्हिएन्नातील डेमियानचे अकॉर्डियन (१८२९) आणि पॅरिसमधील देबँचे हार्मोनियम (१८४२) उभे राहिले. युरोपीय हार्मोनियमचा भाता पायांनी चालत असे व वादकाला खुर्चीवर बसावे लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूस आणून एका हाताने हवा भरण्याची सोय केली, तेव्हा हे वाद्य भारतीय बैठकीत आले. त्यात एक हात वादनातून गेला खरा, परंतु अनेक सूर एकाच वेळी न जुळवणाऱ्या आपल्या संगीताचे त्यामुळे फारसे अडले नाही. मराठी संगीत रंगभूमीवर मात्र पायपेटी, अर्थात ऑर्गन, बराच काळ टिकून राहिली.

खरा वाद सुरांचा होता. सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या पाश्चात्त्य पद्धतीत शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), शिवाय पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, घेता येत नाही. अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत उठली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिलेल्या महाराष्ट्रात हा निर्णय बोचणे स्वाभाविक होते. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती देणारी बावीस श्रुतींची पेटी घडवली, म्हणजे यंत्राचा दोष यंत्रानेच दूर करण्याचा प्रयत्न केला.

विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याने आणि कीबोर्डने आता निराळा प्रश्न उभा केला आहे. गायकाची पट्टी बदलण्यासाठी स्केलचेंजर पेटीत स्वरपट्ट्यांची अख्खी फळी सरकवावी लागते, ते काम कीबोर्डवर एका बटणाने होते. मात्र भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडात भात्यावर चालणारी पेटी वीज गेल्यावरही बंद पडत नाही, हा गुण लहान मानता येणार नाही. पेटी उतरली की कारागीर आतील धातूच्या पट्टीचे टोक घासून सूर चढवतो आणि मुळाशी घासून उतरवतो. हे काम पूर्वी तंबोऱ्याच्या साथीने निव्वळ कानावर चाले. आज त्यासाठी मोबाइलवरील ट्यूनर हाताशी असतो, आणि तो सहसा बारा समान भागांवरच बेतलेला असल्यामुळे, ज्या गंधारावर एकेकाळी आक्षेप घेतला गेला, त्यालाच तो बिनचूक ठरवतो.